तोंडात पाणी धरलेले गुरुजी

खरं सांगते बाप्पा! घरच्या धानाच्या कोठीवर हात ठेवून सांगते, ह्यातला एकूण एक शब्द खरा आहे. खोटा निघाला तं माझ्या जिभेवर बिब्बा उतो. जागेश्वरची बायको गावभर सांगत फिरते, का बुढीच्या दहा गोष्टीतल्या अकरा खोट्या असतात. तिले सांगजा, हे बारावी आहे.

तं बोडीटोल्याचे केशोराव गुरुजी. गोंदियाजवळच्या गोरेगावहून जंगलाकडं जाणाऱ्या रस्त्यानं आलं का उजव्या हाताले तलाव लागते. तलावाच्या पाळीखाली शाळा, अन् शाळेले लागूनच माझं घर. दोन खोल्या, एक ओसरी, अन् आंगणात मोहाचं झाड. त्या शाळेत गुरुजीची एकवीस वर्षं गेली. पण पंचक्रोशीत त्यायचं नाव मास्तरकीसाठी नव्हतं. नाव होतं प्रॉम्टर म्हणून.

आमच्याकडं दिवाळी झाली, धान निघाला, का गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते अन् नाटक लागते. नट आज ह्या गावात, उद्या त्या गावात. पाठ करायले टाइम कोणाजवळ आहे? मंग पडद्यामागं एक माणूस वही घेऊन बसते अन् नटाले हळूच वाक्य सांगते. तो प्रॉम्टर. प्रॉम्टर अर्धा शब्द पुढं, नट अर्धा शब्द मागं, अन् पाहणाऱ्याले वाटते का नटाच्या काळजातूनच येऊन राहिलं.

गुरुजीची कुजबुज कशी होती म्हणान, तं तीस फुटावरच्या हिरोच्या कानात नेमकी जाऊन पडे अन् मधात बसलेल्या तबलेवाल्याले ऐकू नाई ये. एकदा हिरो मेला. म्हणजे नाटकात मेला. गुरुजीच्या वहीची दोन पानं चिकटली होती, ते सांगतच राहिले, तं तो मेलेला हिरो उठून बसला, मायची माफी मागितली अन् पुन्हा मेला. लोकायनं अशा टाळ्या वाजवल्या का दुसऱ्या गावापासून नाटकात ते तसंच ठेवलं. अन् एका गावी नागझिऱ्याच्या जंगलातला वाघ आला होता. पडद्यामागं येऊन गुरुजीच्या बाजूले बसला. गुरुजीनं वहीतून डोळा काढला नाई, हातानं नुसतं 'चूप बस' केलं. वाघ तिसऱ्या अंकापर्यंत बसला. सासू सुनेले घराबाहेर काढते तिथं उठून गेला. त्याले पाहवलं नाई.

घरी रुख्माबाई होती, गुरुजीची बायको. लेकरूबाळ नाई. तिनं तोंड उघडलं का गुरुजी अर्धा शब्द पुढं. ती म्हणे, "आज भाजीले..." का हे म्हणत, "वांगे." ती चिडे. "मले एक तं वाक्य पुरं बोलू..." "देईन, देईन." तिचं 'द्याल' तोंडातच राहे अन् ह्यायचं 'देईन' बाहेर पडून जाये.

तीन वर्षांआधी ती गेली. दवाखान्यात शेवटच्या दिवशी काहीतरी सांगत होती. "तुमी आता..." एवढंच म्हणाली अन् थांबली. गुरुजी कान लावून बसले. पुढचा शब्द तिच्या तोंडून आला नाई, अन् जिंदगीत पहिल्यांदा गुरुजीले बी सुचला नाई.

मंग त्या घरात बोलणारंच कोणी उरलं नाई. गुरुजी टीव्हीवरच्या बातम्यावालीले वाक्य सांगायचे. कुकरले सांगायचे, "आता तिसरी." कुकर आपला तिसरी शिटी मारे. तेवढंच एक ऐकणारं.

शाळेत बी तेच होऊन राहिलं होतं. गावातले पोट्टे एक एक करून पिवळ्या गाडीत बसले अन् गोरेगावच्या कॉन्व्हेंटले जायले लागले. राहिली एक गुंजन, चंदाची पोरगी, चौथीतली. एक शाळा, एक गुरुजी, एक पोट्टी. प्रार्थनेच्या वेळी गुरुजी सांगायचे, "एका ओळीत उभे राहा," अन् गुंजन एकटीच एका ओळीत उभी राहे. हजेरीत "गुंजन" म्हटलं का ती 'हजर' म्हणायच्या आधी गुरुजीच कुजबुजत, "हजर." मंग ती म्हणे, "हजर!" वाचायच्या वेळी ती खाली बसे अन् गुरुजी तिच्या डाव्या बाजूले लाकडी खुर्चीवर. पहिलीपासून ती खुर्ची तिथंच. फरशीवर चार गोल खड्डे पडले होते तिचे.

दोन वर्षांआधी शाळेले टॅब आला, अन् गुरुजीले गोरेगावले ट्रेनिंगले बोलावलं. नव्या जमान्याच्या शिक्षकाले काय काय यायले पाहिजे, ते शिकवायचं होतं. शिकवणारा हेमेंद्र, गोंदियाचा पोट्टा, अठ्ठावीस वर्षांचा. तोंडात अर्धी हिंदी.

"केशोराव सर, टेन्शन मत घ्या. मशीन है, काटती नहीं."

"चावत नाई ते दिसून राहिलं, बाबू. पण हे चालते कोणाच्या सांगण्यानं?"

"तुमच्या बोटानं."

गुरुजीनं सगळं वहीत लिहून घेतलं, पण लिहिलं नाटकासारखं. 'बोट (हळूच) प्रवेश करते. बोट वरच्या कोपऱ्यात जाते. पडदा उघडतो. टॅब: कृपया प्रतीक्षा करा. गुरुजी: करतो.' असं. अन् टॅबच्या पाठीवर काळ्या पेननं मोठ्या अक्षरात पासवर्ड लिहिला, त्याच्या खाली लिहिलं, 'हा कोणाले सांगू नये.' पण हसू नका. त्या वहीच्या भरवशावर गुरुजी हजेरीचा फोटो काढायले शिकले, धड्याचा व्हिडिओ लावायले शिकले, पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनावर टॅब धरून गोष्ट काढायले शिकले. छप्पन्न वर्षांच्या माणसाले अजून काय पाहिजे? गुंजन तं दोन दिवसात टॅबले गरीब बैलासारखं वळवायले लागली.

आता ऐका, खरी गोष्ट इथून आहे.

बोडीटोल्यात चौथीच्या पुढं शाळा नाई. गुंजनचा बाप विक्की हैदराबादले बिल्डिंगच्या कामावर. चंदा संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ घेऊन शाळेत आली अन् उंबरठ्यावरच बसली.

"गुरुजी, आमगावकडं एक शाळा आहे म्हणते, राहाची-खायची. तिथं इले घेतीन का?"

"काऊन नाई घेणार? हुशार आहे पोट्टी."

"परीक्षा हाय म्हणते. टॅबवर वाचा लागते, खोलीत एकटीनं. टॅब ऐकते म्हणते. बरोबर वाचलं तं शब्द हिरवा, चुकला तं लाल."

"वाचंन ना ती. घडाघडा वाचते."

"इचा तिथं नंबर नाई लागला तं मले इले घेऊन ह्यायच्याकडं जा लागंन, गुरुजी. मी एकटी इथं कायच्यावर राहू? अन् तिथं गेली का झालं मंग. तिथली पोट्टी दिवसभर रेतीच्या ढिगावर खेळतात अन् मोठे झाले का तेच घमेले उचलतात. मी पाहून आली." चंदा पदरानं तोंड पुसत उठली. "तुमच्यावर आहे सगळं."

गुरुजीनं त्याच दिवशी सराव घेतला. टॅब मधात ठेवला, गुंजन बसली, गुरुजी आपल्या खुर्चीवर. पोरगी वाचायले लागली, घडाघडा. पान संपलं अन् टॅबवर अख्खं पान हिरवं, धानाचे परे टाकलेल्या वाफ्यासारखं हिरवं. एक शब्द लाल नाई. गुरुजीनं ते हेमेंद्रले पाठवून दिलं, अन् त्या दिवशी घरी जाऊन कुकरले बी कौतुक सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेमेंद्र मोटरसायकल घेऊन हजर. तोंडावर हसू नाई.

"सर, वाचताना खोलीत अजून कोण होतं?"

"कोणी नाई. मी अन् ती."

"हे ऐका."

त्यानं टॅबचा आवाज मोठा केला. गुंजनचा आवाज आला. 'थंडीच्या दिवसात तलावावर लांबून पाहुणे पक्षी येतात.' पण त्या आवाजाच्या खाली अजून एक आवाज होता. बारीक, घोगरा, वाळल्या पानावरून कोणी चालावं तसा. प्रत्येक शब्दाले गुंजनच्या अर्धा शब्द पुढं.

गुरुजीनं डोक्यावरची टोपी काढली. "हे कोण आहे?"

"तुमी आहा सर."

"मी तं चूप होतो."

"सर..."

"सरस्वतीशप्पथ, मी चूप होतो बाबू!"

अन् ते खोटं बोलत नव्हते. तीस वर्षं वही समोर धरून बसलेल्या माणसाचे ओठ त्याले न विचारता चालतात. आपण श्वास घेतो तं सांगून घेतो का?

हेमेंद्रनं गुरुजीले बाहेर मोहाच्या झाडाखाली उभं केलं अन् दार लावून गुंजनले तेच पान पुन्हा दिलं. गुरुजी खिडकीतून पाहून राहिले होते. पोरीनं 'थंडीच्या' म्हटलं. 'दिवसात' म्हटलं. मंग थांबली, अन् मान डावीकडं वळवून कान पुढं केला. रिकाम्या खुर्चीकडं. जसा नट पडद्याकडं कान देते, तस्साच. टॅबवर एक शब्द लाल झाला, मंग दुसरा, मंग सगळं पान.

तिले वाचता येत नव्हतं. चार वर्षांत ती फक्त ऐकायले शिकली होती. पण इतकं पक्कं, का डोळा ओळीवर, बोट शब्दावर, अन् काम सगळं डाव्या कानाचं. कोणाले कळलं नाई. तिले स्वतःले बी नाई. तिले वाटे का वाचणं म्हणजे असंच राहते, कोणीतरी अर्धा शब्द पुढं असते.

"माझं काय चुकलं, गुरुजी?" तिनं बाहेर येऊन विचारलं.

हेमेंद्रनंच म्हटलं, "कुछ नहीं बेटा. टॅबच खराब आहे." अन् गुरुजीले मोटरसायकलजवळ नेऊन हळूच सांगितलं, "परीक्षेले अडीच महिने आहेत सर. अक्षरं तिले येतात, मी पाहिलं. जोडायची सवय नाही. तुमी फक्त एक करा. बोलू नका."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

हेमेंद्र गेला. आता ज्या माणसाले तुमी सांगितलं 'श्वास घेऊ नको', तो काय करंन? पहिल्या दिवशी गुरुजीनं ओठ दाबून धरले, तं नाकातून कुजबुज निघाली. पोरगी नाकावर बी वाचायले लागली! दुसऱ्या दिवशी तोंडात सुपारी धरली, ती 'पाहुणे' ह्या शब्दाले दातात फुटली. मंग त्यायले उपाय सापडला. वाचन सुरू व्हायच्या आधी तांब्याभर पाणी तोंडात घ्यायचं अन् गाल फुगवून बसायचं. गुंजन अडली का गुरुजीचा गळा आपोआप चाले अन् तो घोट पोटात जाये. एका पानाले आठ तांबे लागत. तलावाची पातळी त्या महिन्यात दोन बोटं उतरली, तलावाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याले विचारा. गावात बोभाटा झाला का गुरुजीनं मौन धरलं. बकाराम पाटलानं तं येऊन नमस्कार केला अन् पाऊस कधी येईन म्हणून विचारलं. गुरुजीचं तोंड भरलेलं. त्यायनं बोट वर दाखवलं. बकाराम समाधानानं घरी गेला.

पण पोरगी कान काही सोडे ना. खुर्चीत माणूस आहे तोवर ती वाट पाहे. पाणी संपंन, तोंड उघडंन, शब्द येईन. तिच्याजवळ अख्खा दिवस होता. तिले कोणती घाई?

गुरुजीनं हेमेंद्रले फोन लावला. "बाबू, पाण्यानं नाई होऊन राहिलं."

"सर, ट्रेनिंगमध्ये व्हिडिओ कॉल शिकवला होता ना? तुमच्या फोनवरून टॅबले लावा. तुमी बाहेर, ती आत. अन् ते माइकचं बटन आहे, त्याले रेघ मारून टाका. म्यूट. तुमी तिले पाहान, ऐकान. तुमचा आवाज तिकडं जाणार नाही."

"म्हणजे मी बोललो तरी..."

"कितीही बोला."

गुरुजीनं वहीत लिहिलं: 'बोट माइकवर जाते. माइकवर रेघ पडते. गुरुजी बोलतात. कोणी ऐकत नाही.' मंग वही बंद केली.

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची बाहेर गेली, मोहाखाली. फरशीवर चार खड्डे तेवढे राहिले. गुंजन आत टॅबसमोर, गुरुजी झाडाखाली फोन घेऊन. अन् मंग काय विचारता! महिनाभराचं कोंडलेलं सगळं बाहेर. पोरगी अडली का गुरुजी झाडाखाली कुजबुजायचे, कुजबुजून नाई भागलं तं बोलायचे, मंग ओरडायचे. 'पक्षी! पक्षी वं माय!' मोहाची फुलं खाली पडायची आवाजानं. पण खिडक्या-दारं लावलेली, अन् फोनच्या माइकवर रेघ मारलेली. आत सगळं शांत.

पहिले आठ दिवस गुंजन खुर्चीच्या जागेकडं कान देत होती. फोनच्या काचेत गुरुजीले ते दिसे. ती वाट पाहे. मंग काचेकडं पाही, काचेत गुरुजीचे ओठ हलताना दिसत. हे गुरुजीच्या ध्यानात आलं तेव्हा त्यायनं फोनच्या डोळ्यावर बोट ठेवलं. आता ती त्यायले पाहू बी नाई शके.

मंग हेमेंद्रनं ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं अजून एक काम त्यायनं तिले शिकवलं. आपलं वाचन टॅबमध्ये धरायचं अन् स्वतःच ऐकायचं. गुंजननं पहिल्यांदा आपला आवाज ऐकला अन् म्हणाली, "हे कोण बाई आहे? किती चुकते!"

"मंग सांग तिले, कुठं चुकली."

"मी कायले सांगू? मी काय गुरुजी आहे का?"

"आजच्या दिवस हो."

पोरगी झाली. स्वतःच वाचे, स्वतःच ऐके, स्वतःच स्वतःले रागवे. "ए बाई, 'येतात' आहे ते, 'येतो' नाई. डोळे फुटले का?" गुरुजी बाहेर हसायचे. तिच्या तोंडी आपलीच बोली ऐकून.

मार्चात एक दिवस तिनं पान जवळजवळ पुरं केलं. शेवटच्या ओळीत एक शब्द होता, 'स्थलांतर'. तिथं बैलगाडी चिखलात रुतावी तशी रुतली. 'स' म्हटलं. थांबली. मान डावीकडं वळली. गुरुजीनं झाडाखाली म्हटलं, "स्थलांतर." मंग पुन्हा म्हटलं. चारशे वेळा म्हटलं असंन. माझ्या हिशेबानं ती पोरगी त्या शब्दावर अडीच तास बसली. तेवढ्यात आमच्या कोंबडीनं अंडं घातलं, उबवलं, अन् पिल्लू चालायले लागलं. फोनची बॅटरी लाल झाली. गुरुजीचा अंगठा माइकवरच्या रेघेवर होता. एक बोट हललं का शब्द आत जाईन, पोरगी उड्या मारत वाचंन, अन् मंग आमगाव नाई. मंग चंदा तिले घेऊन हैदराबाद.

अन् इथं गुरुजीच्या मनात एक वाकडी गोष्ट आली. ती त्यायनं मले मंग सांगितली. त्यायले वाटलं, हिनं हा शब्द वाचला तं ही आमगावले जाईन. नाई वाचला तं हैदराबादले जाईन. जाईन तं जाईनच. उद्या खुर्ची आत न्या का बाहेर ठेवा, तिच्या बाजूले कोणी बसणार नाई. मंग निदान आज तरी तिनं डाव्या कानानं मले ऐकावं. एकदा.

अंगठा तिथंच होता. आत पोरीनं मान सरळ केली. बोटानं शब्दाचा अर्धा भाग झाकला. "स्थ," म्हणाली. बोट सरकवलं. "स्थलां." अजून सरकवलं. "तर." मंग सगळ्यावरचं बोट काढलं अन् कोणालेच न पाहता म्हणाली, "स्थलांतर."

गुरुजीचा फोन बंद पडला. ते बरंच झालं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा. चंदा, गुंजन अन् गुरुजी एसटीनं आमगावले गेले. शाळा मोठी, रंगवलेली. आत एकटीलेच सोडलं, मायले बाकावर बसवलं. खोली खालच्या मजल्यावर, खिडकी व्हरांड्याकडं उघडी. गुरुजीनं पावलं मोजली. पंधरा फूट. अन् त्यायची कुजबुज जाये तीस.

हे चंदाले बी माहीत होतं. आमच्या भागात कोणाले माहीत नाई? ती जवळ सरकली अन् हळूच म्हणाली, "गुरुजी, ती अडली तं..."

गुरुजीनं तिच्याकडं पाहिलं. व्हरांड्यातल्या नळाजवळ गेले, ओंजळ लावली, अन् तोंड भरून पाणी घेतलं. गाल फुगवून खिडकीसमोर येऊन उभे राहिले.

आतून आवाज यायले लागला. नवं पान होतं, कधी न पाहिलेलं. कुठल्या तरी टपालवाल्याची गोष्ट. गुंजन हळूहळू जात होती, घडाघडा नाई. पाय रोवत, चिखलातून चालल्यासारखी. सहा ओळी गेल्या. सातव्या ओळीत आवाज थांबला.

चंदाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

गुंजननं मान डावीकडं वळवली. खिडकी डावीकडंच होती. तिले गुरुजी दिसले, टोपी घातलेले, गाल दोन मडक्यासारखे फुगलेले, डोळे मोठे. शब्द त्यायले माहीत नव्हता, पान त्यायच्यासमोर नव्हतं, पण तिच्या ओठावर अडलेलं पहिलं अक्षर पाहून पुढचं सगळं त्यायच्या गळ्यात आलं होतं. गळा चालला नाई. पाणी जागचं हललं नाई.

पोरगी खुदकन हसली. परीक्षेवर बसलेल्या बाई ओरडल्या, "टॅबकडे बघ बाळा." तिनं मान सरळ केली, बोटानं अर्धा शब्द झाकला, अन् पुढं गेली.

गुरुजीनं ते पाणी थुंकलं बी नाई अन् गिळलं बी नाई. आमगावच्या स्टँडवर चंदानं विचारलं, "कसं झालं असंन गुरुजी?" तरी गाल फुगलेले. कंडक्टरनं तिकीट विचारलं, तं बोटं दाखवली. गोरेगाव आलं तेव्हा कुठं त्यायनं खिडकीतून मान बाहेर काढून पाणी टाकलं. मागच्या मोटरसायकलवाल्यानं शिव्या दिल्या. तेव्हा गुरुजी पहिला शब्द बोलले. म्हणाले, "लागंन ती."

अन् लागली. जून महिन्यात चंदा तिले पेटी घेऊन सोडून आली, अन् आठ दिवसानं स्वतः हैदराबादले गेली. आमगावले जायच्या आधी गुंजन शाळेत आली होती, नवे सँडल घालून. गुरुजीनं तिले सांगितलं का दर इतवारी तिथं फोन भेटते, तं एक पान वाचून मले पाठवजो.

"कोणतं पान?"

"कोणतं बी. मले पाठ नसलेलं."

"अन् चुकली तं?"

"तं मी इकडं म्हणीन. तुले ऐकू नाई येणार."

"मले माहीत आहे, तुमी झाडाखाली म्हणत होते," ती म्हणाली. "फुलं काऊन पडत होती मंग?"

आता शाळेच्या पटावर शून्य आहे. शाळा बंद करायचा कागद वरून येईन तोवर गुरुजी रोज जातात, कुलूप उघडतात, हजेरीचा आपला फोटो काढतात. खुर्ची पुन्हा आत आणली, चार खड्ड्यांत बरोबर बसवली. अन् इतवारी सुट्टी असली तरी चार वाजता येतात, खुर्चीत बसून टॅब काढतात अन् गुंजननं पाठवलेलं पान ऐकतात. पोरीचा आवाज माझ्या आंगणापर्यंत येते. गाव म्हणते, पाहा, पोट्टी गुरुजीले विसरली नाई.

तं बाप्पा, असं आहे.

आता काय, धानाच्या कोठीवर हात ठेवला होता अन् जिभेचं मले भेव आहे. तं एक गोष्ट काढून घेते. गुंजननं पाठवलेलं पान म्हटलं ना, ते मी पदरचं लावलं. तिनं अजून एकबी पान पाठवलं नाई. इतवारी तिथं फोन दहा मिनिटं भेटते, अन् दहा मिनिटात लेकरू मायशी बोलंन का मास्तरले वाचून दाखवंन? बरोबर आहे तिचं.

मले कसं कळलं, तं मागच्या इतवारी गुरुजीले सांडगे द्यायले गेली होती. ओसरीच्या पायरीवर उभी राहिली. पोरगी वाचत होती, घडाघडा. थंडीच्या दिवसात तलावावर लांबून पाहुणे पक्षी येतात. अन् जवळून ऐकलं तं तिच्या आवाजाच्या खाली दुसरा आवाज होता, बारीक, घोगरा, अर्धा शब्द पुढं. गुरुजी खुर्चीत बसले होते, टॅब मांडीवर, संक्रांतीचं ते वाचन लावून. गाल फुगलेले, बाजूले रिकामा तांब्या.

मी सांडगे पायरीवर ठेवले अन् आली. तेवढं एक पदरचं लावलेलं होतं. बाकी सगळं खरं आहे, वाघ बी.